स्पॅनरचा पिवळा दिवा

दिवस — दसऱ्याच्या आधीचा शनिवार.
ठिकाण — कारधा, वैनगंगेच्या काठावरचं माझं सासरचं घर.
हजर — मी, माझे मिस्टर, सासूबाई (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो), धाकटे दीर दिनेश भाऊजी आणि आईंचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामाजी.

संध्याकाळी घाटावर वस्तीतली बरीच माणसं जमली होती. पण सकाळपासून शेवटपर्यंत सगळं पाहिलं ते आम्ही घरच्यांनीच, म्हणून बाकीच्यांना यात धरत नाही.

या सदरातले गूढ अनुभव मी वाचते ते खरं तर चुका काढायला. इथे वाऱ्याने दार वाजलं असेल, इथे लिहिणाऱ्याला ताप असेल... असं मनातल्या मनात समासात लिहीत जाते. भंडाऱ्यात राहते आणि तिथल्याच एका शाळेच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे कागद तपासल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही ही सवय अंगात मुरली आहे. देवळात जाते, नवस बोलत नाही. अमावास्येला प्रवास करते. तरीही आज स्वतःच लिहायला बसले आहे, कारण या एका गोष्टीच्या समासात काय लिहावं ते मला सुचत नाही.

आधी गाडीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमची गाडी लहान आहे, सेकंडहँड घेतलेली. मिस्टर तुमसरला राइस मिलमध्ये सुपरवायझर आहेत, म्हणून सर्व्हिसिंगही तिकडच्याच एका गॅरेजमध्ये होतं. त्या शुक्रवारी मी रजा टाकून सोबत गेले होते. डॅशबोर्डवर इतके दिवे, आणि एखादा लागला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघणार — हे मला पटत नव्हतं. गॅरेजवाल्याने बिचाऱ्याने सगळं नीट समजावून सांगितलं. लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची, पुढे न्यायची नाही. पिवळा लागला तर घाबरायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. आणि स्पॅनर, म्हणजे पान्याच्या चित्राचा जो पिवळा दिवा असतो, त्याचा बिघाडाशी संबंधच नाही. ती नुसती आठवण. मागच्या सर्व्हिसपासून ठरलेलं अंतर झालं किंवा ठरलेले महिने उलटले की तो लागतो — गाडी परत आणा, एवढंच सांगायला. काम झालं की किल्ली फिरवायची, छोटं बटण दाबून धरायचं, स्पॅनर लुकलुकतो आणि विझतो. मग मोजणी पहिल्यापासून सुरू.

त्याने माझ्यासमोर बटण दाबून धरलं. स्पॅनर लुकलुकला आणि विझला. पुढच्या सर्व्हिसचं पूर्ण अंतर स्क्रीनवर आलं. हे मी स्वतः पाहिलं आहे. यावर शंका घेऊ नये.

शनिवारी सकाळी आम्ही कारध्याला आलो. अंगणात गाडी लावून मी पुठ्ठ्याच्या कार्डावर या दिव्यांचा तक्ता करत बसले होते. लाल, पिवळे, हिरवे अशी रकान्यांत मांडणी. मामाजी चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले. मामी गेल्यापासून ते बहिणीच्याच घरी राहायचे. मूलबाळ नव्हतं. आमच्या घरात थट्टा करायचं खातं त्यांच्याकडे होतं.

"सूनबाई, आता गाडीलेबी टाइमटेबल लावलं का वं?"

"तुम्हाला वाचून दाखवू का?"

"चष्मा घरात आहे. तोंडी सांग."

मी सांगितलं. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लक्ष द्या.

"आमच्या डोंग्याले एकबी दिवा नाही," मामाजी मासेमारीच्या होडीबद्दल म्हणाले. "कधी थांबा म्हणत नाही, कधी लक्ष दे म्हणत नाही. गरीब आहे बिचारा." मग ओसरीकडे हनुवटी करून म्हणाले, "एक दिवा आहे म्हणा. बाईचा. पण तो पिवळा. त्याचा अर्थ लिहून घे."

"काय अर्थ?"

"घर इकडं आहे."

मी हसले आणि कार्डावर काही लिहिलं नाही.

बाई म्हणजे आई, मामाजी थोरल्या बहिणीला बाई म्हणायचे. ते बोलत होते तो दिवा आमच्या घरची रीत आहे. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या नदीवर मासेमारी करणारी. मिस्टर नोकरीत गेले, दिनेश भाऊजींनी मात्र जाळं सोडलं नाही. घरातलं कोणी पाण्यावर गेलं की आई ओसरीतल्या कोनाड्यात तेलाचा दिवा लावतात. तो घरातल्या कोणी विझवायचा नाही. जो पाण्यावरून परत येतो, त्याने ओल्या बोटांनी वात दाबून तो शांत करायचा. जास्त माणसं गेली असली तर जो सर्वांत शेवटी येईल त्याने. आणि मधेच वाऱ्याने गेला तर पुन्हा पेटवायचा नाही. आई म्हणतात, दुसऱ्यांदा लावलेला दिवा त्या माणसाला ओळखत नाही. मामाजी नेहमी शेवटी यायचे, डोंगा बांधून, जाळी झटकून. त्यामुळे दिवा बहुतेक वेळा त्यांच्याच बोटांनी शांत व्हायचा.

त्या दिवशी नदीवर जायचं ठरलेलं नव्हतं. पण वरच्या भागात रात्री जोरदार पाऊस झाला होता आणि पाणी गढूळ होऊन चढत होतं. आदल्या संध्याकाळी टाकलेली जाळी नदीतच होती.

"जाळी घेऊन येतो," दिनेश भाऊजी म्हणाले. "नाहीतर नदीच घेऊन जाईल."

"एकटा कायले जातं?" मामाजींनी कप खाली ठेवला. "मी येतो. तुले जाळं ओढाची अक्कल आहे, डोंगा धराची नाही."

"तू बस ना घरी," आई भावाला म्हणाल्या. "आभाळ पाह्यलं का?"

"पाह्यलं. त्यानंबी मले पाह्यलं."

आईंनी दिवा लावला. दोघं गेले.

दुपारी वारा सुटला. दसऱ्याच्या तोंडावर असा वारा आमच्याकडे सहसा येत नाही. वीज गेली. दार धाडकन उघडून आदळलं आणि कोनाड्यातला दिवा गेला. आई तिथेच बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी काडेपेटीला हात लावला नाही. सूप बाजूला ठेवलं आणि वातीतून धूर निघत होता तो संपेपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले नदीवर ने."

पाऊस चांगलाच लागला होता. आईंच्या गुडघ्यांना चालणं झेपत नाही, म्हणून मिस्टरांनी गाडी काढली. आई पुढे बसल्या, मी मागे. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. सगळे दिवे नेहमीप्रमाणे एकदा लागले आणि गेले. स्पॅनर मात्र गेला नाही.

"काल तर बंद केला होता," मी म्हणाले.

"ओल गेली असेल आत," हे म्हणाले आणि बटणाकडे हात नेला.

आईंनी त्यांचं मनगट धरलं.

"हा दिवा कोनं लावला?"

"कोणी नाही, आई. गाडीचा आहे."

"मासोळी आहे," आई म्हणाल्या. "तोंड उघडलेली."

मी मागून वाकून पाहिलं. पान्याचं उघडं टोक एका बाजूला, मागे निमुळता दांडा... तसं पाहिलं तर मासाच. मला आधी कधी तसं दिसलं नव्हतं.

"राहू दे तिले," आई म्हणाल्या. "दोघं पाण्यावर आहेत."

यांनी हात मागे घेतला. आई दिवा गेल्यामुळे घाबरल्या आहेत, त्यांना तेवढा आधार मिळतोय तर मिळू दे, असा माझा तेव्हाचा विचार. याहून जास्त काही नाही.

घाटाचा उतार चिखलाने भरला होता, म्हणून गाडी वरच्या रस्त्यावरच थांबवावी लागली. समाजमंदिराच्या मागे, तोंड गावाकडे. ही जागा महत्त्वाची आहे. गाडी आणि नदी यांच्यामध्ये समाजमंदिराची पूर्ण भिंत होती. गाडीत बसून नदी दिसत नव्हती आणि नदीवरून गाडी दिसणं शक्य नव्हतं. हेडलाइट लावले असते तरी गावातल्या घरांवर पडले असते. ते लावलेही नव्हते. आईंनी एकच सांगितलं, किल्ली काढू नको. इंजिन बंद केलं, किल्ली तशीच ठेवली. स्पॅनर चालू राहिला.

आम्ही दोघं घाटावर उतरलो. वस्तीतली माणसं आधीच जमली होती. दोन डोंगे शोधायला जाऊन परत आले होते. बोलणं कमी आणि बघणं जास्त चाललं होतं. कोणीतरी खालच्या अंगाला, दूर, उलटा डोंगा वाहत जाताना पाहिला होता. माणसं दिसली नव्हती. एक म्हातारे गृहस्थ मिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उजेड आहे तोवर पाहू बाबू. मंग उद्या." उद्या या शब्दाचा अर्थ तिथे सगळ्यांना कळत होता.

उजेड गेला. वीज नव्हतीच. पलीकडे भंडाऱ्याची बाजूही काळी, पावसाच्या धारांमागे पूलसुद्धा दिसेना. कोणाच्या हातात बॅटरी होती, ती पाण्यावर थोडी जाऊन संपत होती. माणसं एकेक करून वर यायला लागली. मी आईंना काय सांगायचं त्याची वाक्यं मनात लावत होते. पहिलं वाक्य सापडत नव्हतं.

तेवढ्यात खालून हाक आली. माणसाची होती, पण शब्द नव्हते.

दिनेश भाऊजी आमच्या अगदी समोर, घाटाच्या दगडाला धरून होते. नंतर सगळे म्हणाले की त्या पाण्यात माणूस तिथे निघतच नाही. ओढ सगळी पलीकडच्या अंगाला आहे, निघाला तर पार खाली निघतो. चौघांनी त्यांना वर ओढलं. मी माझी शाल त्यांच्या अंगावर टाकली. दात वाजत होते. डोळे आमच्यावर ठरत नव्हते, मागे वर कुठेतरी शोधत होते.

"दिवा कुठं आहे, वहिनी?"

"कोणता दिवा? सगळीकडे अंधार आहे."

"पिवळा. बारका. हलत नव्हता." श्वास घेत घेत बोलले. "मासोळीवानी. तोंड उघडं असलेली. इथंच होता... वर."

आई गाडीत होत्या. गाडीतलं बोलणं आम्हा तिघांशिवाय कोणी ऐकलं नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणी घाटावर ते उच्चारलं नव्हतं. हे मी नंतर यांनाही विचारून घेतलं आहे.

"मामाजी?" मी विचारलं.

"मामानंच दाखवला. मले तर काहीच दिसत नव्हतं, काठ कोनीकडं आहे तेबी कळत नव्हतं. डोंगा उलटा, दोघं धरून होतो. मामा म्हणे, दिन्या, तो पाह्य. बाईनं लावून ठेवला. तिकडं जाय."

"आणि ते?"

"म्हणे, तू व्हय पुढं. मी मागून येतो."

त्यांना धरून वर आणलं आणि गाडीजवळ नेलं. पुढचं दार उघडलं तेव्हा आत अंधारात फक्त तो स्पॅनर होता आणि त्याच्या उजेडात आईंचा हात. दिनेश भाऊजी थबकले. मी त्यांना आत ढकलत होते, कारण त्यांना कोरडं करणं हे माझ्या डोक्यात पहिलं काम होतं. पण ते दारात वाकून तसेच उभे राहिले.

"हाच," ते म्हणाले.

आईंनी लेकाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. मग त्याच्या मागे पाहिलं.

"माझा भाऊ?"

"मागून येतो म्हणे, आई."

आई मिस्टरांना म्हणाल्या, "मंग दिवा राहू दे. तो शेवटीच येते."

मामाजी आले नाहीत. शोधपथक आलं, डोंगे गेले, खालच्या गावांना निरोप गेले. जे जे करायचं असतं ते सगळं झालं. त्याची यादी मी केली होती आणि प्रत्येक गोष्टीचा पाठपुरावा केला. नदी उतरली, दसरा गेला, धान कापून झालं. मामाजी सापडले नाहीत.

आता माझ्या स्वभावाप्रमाणे मी काय तपासलं ते सांगते. किल्ली फिरवली की स्पॅनर अजूनही लागतोच, म्हणून गाडी त्याच गॅरेजमध्ये नेली. त्याने मशीन जोडून पाहिलं. बिघाड नाही, ओल नाही, वायरिंग ठीक. पुढच्या सर्व्हिसचं अंतर जवळजवळ पूर्ण शिल्लक दाखवत होतं, म्हणजे मोजणी बरोबर चालू होती. "मग हा दिवा लागायलाच नको, ताई," तो म्हणाला. नवं पॅनल बसवून देतो म्हणाला. मी नको म्हणाले.

दिनेश भाऊजींनी स्पॅनर आधी पाहिला असेल का? आमच्या गाडीत ते नेहमी मागे बसत आणि घेतल्यापासून गॅरेजबाहेर स्पॅनर लागलेला आम्हाला आठवत नाही. दुसऱ्या कोणाच्या गाडीत पाहिला असेल तर सांगता येत नाही. छातीठोकपणे मी तसं लिहिणार नाही. थंडीने, भीतीने माणसाला उजेड दिसतात असं एका डॉक्टरांनी सांगितलं. तेही मानायला मी तयार आहे. पण मग तोच उजेड आधी मामाजींना कसा दिसला? आणि भिंतीतून? तेवढं डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी औषधाची चिठ्ठी माझ्याकडे सरकवली.

एकदा मी एकटीच गाडीत जाऊन बसले होते. शाळेच्या आवारात, भर दुपारी. म्हटलं, हा एक दिवा आहे, याचा अर्थ मला माहीत आहे, तो घालवायची रीतही माहीत आहे. किल्ली फिरवली. बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला. स्पॅनर लुकलुकायला लागला. अजून जरा धरलं असतं तर गेला असता... मी अंगठा काढून घेतला. कोणी अडवलं नाही, काही ऐकू आलं नाही. मला फक्त मामाजींची ओली बोटं आठवली, वात दाबताना.

दिनेश भाऊजींना यांनी एकदा सुचवलं होतं. "तू परत आलास ना, मग रीतीप्रमाणे तूच बंद कर." ते म्हणाले, "मी शेवटचा नाही, दादा." त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही. दिनेश भाऊजी पुन्हा नदीवर जातात. आई कोनाड्यात दिवा लावतात, ते येऊन शांत करतात. तो दिवा वेगळा आणि हा वेगळा, असं काहीतरी न बोलता ठरून गेलं आहे.

रोज संध्याकाळी मी शाळेतून घरी आले की कारध्याहून आईंचा फोन येतो. जेवणाखाण्याचं नंतर. आधी एकच प्रश्न.

"दिवा आहे का वं?"

"आहे, आई."

"बरं."

कोणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर मी मन लावून वाचेन आणि तपासूनही बघेन.

परवा ठरलेलं सर्व्हिसिंग झालं. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, ब्रेक पाहिले, चाकांत हवा भरली. माझ्या यादीत सगळ्यांपुढे खूण आहे. शेवटच्या ओळीपुढे नाही. गॅरेजवाला बटणाकडे हात नेऊन माझ्याकडे बघत थांबला होता. मी नकारार्थी मान हलवली आणि गाडी तशीच घेऊन आले.

ती ओळ अशी आहे — स्पॅनर रीसेट करणे.